दोन्ही पायांतले मोजे काढा

चार महिन्यांपूर्वी ओपीडीत एक काका आले होते, सत्तरीकडे झुकलेले, वीसेक वर्षांचा डायबेटिस. दहा मिनिटं ते फक्त रिपोर्ट दाखवत होते, फाइल अगदी तारखेनुसार लावलेली, आणि सगळं बोलून झाल्यावर उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, गेले पाच दिवस शुगर तीनशेच्या खाली यायचं नावच घेत नाहीये हो, खाणं तेच, गोळ्या त्याच, इन्सुलिन तेवढंच." मी म्हटलं बसा परत, बूट काढा. तर म्हणे पायाला काहीच नाहीये, अजिबात दुखत नाही. म्हटलं तरी काढा, आणि दोन्ही पायांतले मोजे पण काढा. उजव्या मोज्याच्या तळाला पिवळट ओला डाग, अंगठ्याच्या बुडाशी जाड घट्टा, आणि घट्ट्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. पाय लाल, हाताला गरम. वास आधी काकूंना आला, त्या खुर्चीतच रडायला लागल्या, म्हणाल्या एका घरात राहतो आम्ही, मला कसं दिसलं नाही?

काकू, तळपाय कोण बघतं हो कुणाचा. स्वतःचा पण कुणी बघत नाही.

तेव्हापासून मनात होतं की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं, कारण माझ्याकडे पाय घेऊन येणारी माणसं जवळजवळ सगळीच उशिरा येतात आणि जवळजवळ सगळेच एकच वाक्य बोलतात, दुखत नव्हतं ना म्हणून. डायबेटिसमध्ये सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात म्हणून सुरुवात बोटांपासून होते, आधी मुंग्या, रात्री जळजळ, आणि मग हळूहळू बधिरपणा. हा बधिरपणा आला की माणसाला वाटतं बरं झालं, जळजळ गेली एकदाची. पेशंटच्या तोंडून हे ऐकलं की मला खरंच भीती वाटते. त्याच नसा पायाच्या छोट्या स्नायूंना पण चालवतात, ते स्नायू दुबळे झाले की बोटं आकसतात, चवड्यावर नको तिथे भार पडायला लागतो, घाम येणं कमी होऊन कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. भाराच्या जागी घट्टा होतो, घट्टा आतल्या मांसाला खड्यासारखा दाबत राहतो आणि त्याच्याखाली रक्त साकळतं. तो काळा ठिपका म्हणजे हेच. वरून मोहरीएवढा दिसतो, खाली केवढी पोकळी आहे ते घट्टा खरवडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

डॉ. पॉल ब्रँड हे ब्रिटिश सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि पुढे तिथे कुष्ठरोगाच्या रुग्णांचे हात-पाय बघायला लागले, त्या काळी लोकांना वाटायचं की या रोगात बोटं आपोआप सडून गळतात. त्यांच्या लक्षात आलं की मांस तर चांगलंच आहे, वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेला पुन्हा पुन्हा इजा करत राहतो. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि डायबेटिसच्या पायाला पण तोच विचार लागू पडला, की जखमेवरचा भार काढून घ्या, ती भरते. मी शिकत असताना हे वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला मला स्वतःला बरीच वर्षं ड्रेसिंग करावी लागली.

आता मुद्द्यावर येते. पायाला जखम दिसली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो अँटिबायोटिक कुठली सुरू करायची, आणि माझा पहिला प्रश्न असतो की इन्फेक्शन आहे का मुळात. उघड्या जखमेवर जंतू असतातच, माझ्या तुमच्या चांगल्या कातडीवर पण असतात. नुसते जंतू असणं वेगळं आणि त्यांनी आत शिरून शरीराशी झगडा सुरू करणं वेगळं. लोक काय करतात, जखमेवर वरून कापूस फिरवून स्वॅब पाठवतात, रिपोर्टमध्ये तीन-चार जंतूंची नावं येतात, ती बघून घरचे घाबरतात, मग औषध सुरू होतं आणि ते दोन दोन महिने चालतं, जखम तशीच, वर पोट बिघडलेलं आणि जंतू औषधाला सरावलेले. जखमेत इन्फेक्शनची लक्षणं नसतील तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवायचं नाही आणि अँटिबायोटिक पण द्यायची नाही, आंतरराष्ट्रीय गाइडलाइन हे अगदी स्पष्ट सांगते. पेशंटला मात्र हे पटवणं फार अवघड जातं, औषध न देता परत पाठवणारा डॉक्टर कुणाला आवडत नाही.

मग इन्फेक्शन ओळखायचं कसं? तर डोळ्यांनी आणि हातांनी. सूज किंवा कडकपणा, जखमेभोवती अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, हाताला लागणारी उष्णता, दाबल्यावर दुखणं, आणि पू, यातलं किमान दोन दिसलं आणि त्याला दुसरं काही कारण नसेल तर इन्फेक्शन आहे असं धरायचं. दुखणं हे लक्षण बधिर पायात असेलच असं नाही, पण उलट जो पाय वर्षानुवर्षं बधिर आहे तो अचानक दुखायला लागला तर मी लगेच सावध होते, आत खोलवर काहीतरी चाललेलं असतं.

त्यानंतर मी पेन काढते. साधं बॉलपेन. लालीची कड जिथे संपते तिथून रेघ मारते आणि जखमेपासून ती किती लांब आहे ते स्केलने मोजते. दोन सेंटिमीटरच्या आत आणि सगळं कातडी आणि त्याच्या लगेच खालच्या थरापुरतंच असेल तर सौम्य. दोनच्या पुढे गेलं किंवा खाली स्नायूबंध, सांधा, हाड यांच्यापर्यंत पोचलं तर मध्यम. आणि या सगळ्यात पूर्ण शरीर सामील झालं, म्हणजे ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा अंग ३६ च्या खाली गार, नाडी ९० च्या पुढे, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली, यातलं कुठलंही दोन, तर गंभीर, आणि गंभीर म्हणजे त्याच दिवशी अॅडमिट, उद्या येतो घरी विचारून वगैरे नाही. ती पेनची रेघ घरी पण उपयोगी पडते, सकाळी बघायचं लाली रेघेच्या बाहेर गेली का, गेली असेल तर फोन करत बसायचं नाही, सरळ यायचं.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन साधं आहे असं समजू नका. डायबेटिसच्या पेशंटला पायात खोलवर पू असूनही ताप नसतो, पांढऱ्या पेशी पण नॉर्मल असतात, असं मी कितीदा बघितलंय. बऱ्याचदा पहिली खूण असते ती फक्त शुगरची, काकांसारखी. कारण नसताना शुगर चढून बसली की माझा हात आपोआप पेशंटच्या बुटाकडे जातो.

खोली बघायला आम्ही एक बोथट धातूची निर्जंतुक सळई वापरतो, प्रोब म्हणतात तिला. घट्टा आणि मेलेली कातडी काढून झाल्यावर जखमेत अलगद सरकवायची आणि टोकाला कडक, खडबडीत असं काही लागतंय का ते बघायचं. लागलं तर ते हाड, आणि इन्फेक्शन झालेल्या जखमेत हाड लागलं तर हाडात जंतू शिरल्याची शक्यता बरीच असते. एवढी साधी तपासणी, मशीन नाही काही नाही, आणि तरी किती ठिकाणी केलीच जात नाही. मग ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, बघायचा, तो ७० च्या पुढे असेल तर हाडाचा संशय वाढतो, आणि एक्स-रे. एक्स-रेबद्दल मोठा गैरसमज आहे, पहिला एक्स-रे नॉर्मल आला की घरी पेढे वाटल्यासारखं होतं, पण हाड कुरतडलं गेलेलं एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून तो परत काढायला लागतो, आणि तरी शंका राहिली तर एमआरआय, नाहीतर हाडाचा तुकडा काढून तपासायचा.

काकांची प्रोब हाडाला लागली. लाली तीन सेंटिमीटर. नाडी ९६, ताप नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण ती मी विसरू शकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक मावशी आल्या होत्या, पाय लाल, सुजलेला, गरम, जखम मात्र कुठेच नाही. मी इन्फेक्शन समजून दोन आठवडे अँटिबायोटिक दिली आणि चालू नका असं सांगितलंच नाही. तो शार्को फूट होता, बधिर पायातली हाडं आणि सांधे आतून ढासळत असतात आणि बाहेरून हुबेहूब इन्फेक्शन दिसतं. त्या दोन आठवड्यांत त्या त्याच पायावर घरातली सगळी कामं करत राहिल्या आणि पायाची कमान खाली बसली. आता कातडी कुठेच फुटलेली नसेल, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन अंश किंवा जास्त गरम असेल तर मी आधी शार्को धरते आणि भार बंद करते. पाय थोडा वेळ उंच धरला की शार्कोची लाली बरीचशी उतरते, इन्फेक्शनची तशी उतरत नाही, ही खूण पण मी त्यांच्यानंतरच मनापासून वापरायला लागले.

आणि रक्तपुरवठा. हे बघितल्याशिवाय पायाची तपासणी पूर्ण होतच नाही. पायाच्या वरच्या बाजूची नाडी आणि आतल्या घोट्यामागची नाडी, दोन्ही बोटांनी शोधायच्या. मग घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ते ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. डायबेटिसमध्ये एक फसवणूक अशी की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसून त्या नळीसारख्या ताठ होतात आणि आकडा खोटा चांगला येतो, १.३ च्या वर गेला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायचं. ते ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला त्वरित दाखवायला लागतं, कारण जिथे रक्तच पोचत नाही तिथे रक्तातून जाणारं अँटिबायोटिक तरी कसं पोचणार, आणि कापलेली जागा भरणार कशी.

उपचारात लोकांच्या मनात गोळी किंवा सलाइन सगळ्यात वर असतं. माझ्या मनात ते तिसऱ्या-चौथ्या नंबरवर आहे. आत पू कोंडलेला असेल तर तो बाहेर काढणं पहिलं, मेलेलं मांस कापून टाकणं पहिलं. पायाच्या तळात कप्पे असतात आणि पू त्या कप्प्यांतून स्नायूबंधांच्या कडेने वर सरकतो, म्हणजे बोटापाशी जखम आणि पू टाचेकडे, असं होतं. दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली, कातडी जांभळी-काळी पडायला लागली, फोड आले, दुखणं एकदम वाढलं, ओलं गँगरीन, म्हणजे सडून ओलसर झालेला भाग, दिसला, तर तासांचा खेळ असतो, रात्री दोन वाजता पण ऑपरेशन करावं लागतं. आधी आठ दिवस इंजेक्शन देऊन बघू आणि मग ठरवू असं म्हणत थांबलेले पाय मी बघितलेत, आणि अंगठा जाऊन भागलं असतं तिथे गुडघ्याखालून पाय गेलेला बघितलाय.

कल्चर पाठवायचं ते तेव्हा, जखम साफ केल्यावर तिच्या तळातून खरवडून काढलेला मांसाचा तुकडा. वरचा पू पुसून पाठवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच झालेल्या ताज्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा स्टॅफ ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस असतात, जुनाट जखमेत, आधी बरीच अँटिबायोटिक्स खाल्लेल्यांत ग्रॅम निगेटिव्ह गटातले जंतू येतात, पाण्यात बुडवून ठेवणाऱ्यांच्या पायात स्युडोमोनास, आणि काळ्या सडलेल्या भागात हवेशिवाय जगणारे. त्याप्रमाणे औषध निवडायचं, किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरवायचा. किती दिवस? मऊ भागाचं इन्फेक्शन असेल तर एक ते दोन आठवडे, फार पसरलेलं असेल किंवा रक्तपुरवठा वाईट असेल तर तीन-चार. हाडात गेलंय आणि हाड काढलं नाही तर सहा आठवडे. सगळं खराब हाड काढलं तर काही दिवस पुरतात. हे आकडे मी मुद्दाम लिहिते कारण अँटिबायोटिक इन्फेक्शन संपेपर्यंत द्यायची असते, जखम भरेपर्यंत नाही. जखम भरायला पुढे कितीतरी महिने लागू शकतात, आणि तिला भरवणारं औषध वेगळं आहे.

ते औषध म्हणजे भार काढणं, आणि सगळ्यात जास्त भांडणं माझी यावरूनच होतात. मी तासभर बसून जखम साफ करायची, आणि पेशंटने त्याच पायावर चालत बाथरूमला, दाराशी, गच्चीवर जायचं, कारण दुखतच नाही! मग सगळं पाण्यात. तळपायाच्या बधिर जखमेला गुडघ्यापर्यंतचं, स्वतःला काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट सगळ्यात चांगलं, आणि चांगलं ते काढता येत नाही म्हणूनच. इन्फेक्शन जोरात असेल किंवा रक्तपुरवठा फारच कमी असेल तर आधी ते मार्गी लावायचं, तोवर काढता येणारं वापरायचं. काकांना सुरुवातीला काढता येणारं दिलं होतं आणि मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं की रात्री उठताना पण हे घाला, दोन पावलं असली तरी घाला.

घरगुती गोष्टींबद्दल पटकन. गरम पाण्यात पाय शेकू नका, बधिर पायाला पाणी किती गरम ते कळत नाही आणि मी त्यातून झालेले भाजलेले पाय बघितलेत, पाणी हाताच्या कोपराने बघा, ३७ अंशांच्या आतच हवं. ब्लेडने घट्टा कापू नका, कुरुपाच्या पट्ट्या लावू नका, त्यातलं ॲसिड चांगली कातडी पण खातं. जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघत बसू नका. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तिथे चिखल्या झाल्या की जंतूंना दारच मिळतं. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. एका पेशंटच्या बुटात औषधाच्या बाटलीचं झाकण निघालं होतं आणि ते अख्खा दिवस त्यावर चालले होते.

आणि बधिरपणा आहे का हे घरी पण बघता येतं, फार सोपं आहे. पेशंटने डोळे मिटायचे, घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अगदी हलकं, एक-दोन सेकंद बोट टेकवायचं, दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त वेळा कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे, डॉक्टरकडे जाऊन नीट तपासून घ्या. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली, म्हणून तिला तेच नाव आहे. क्लिनिकमध्ये आम्ही १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा आणि कंपन कळतं का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वापरतो, पण तुमच्याकडे बोट आहे, तेवढं पुरे आहे सुरुवातीला.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. त्याच संध्याकाळी थिएटरमध्ये घेतलं, घट्ट्याखाली दोन चमचे पू होता आणि अंगठ्याच्या बुडाच्या हाडाचं टोक मऊ पडलं होतं, ते काढलं. काकांनी टेबलवर विचारलं अंगठा राहील ना, आणि मी खरं तेच सांगितलं की आज राहतोय, आठवड्याने परत बघू. शुगर तिसऱ्या दिवशी दोनशेच्या खाली आली. पायात रक्त चांगलं होतं, हे त्यांचं नशीब, कारण तेच नसतं तर मी एवढ्या खात्रीने काहीच बोलू शकले नसते. जखम भरायला अकरा आठवडे लागले आणि अंगठा राहिला.

भरल्यावर काकू म्हणाल्या सुटलो एकदाचे. मला त्यांना सांगावं लागलं की अशी भरलेली जखम वर्षाच्या आत साधारण १० पैकी ४ जणांना परत होते, म्हणून आता खास बूट, आणि दर महिना-दीड महिन्याने माझ्याकडे, काही नसलं तरी. त्या ऐकून गप्प बसल्या. मग पर्समधून मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागल्या, रोज रात्री झोपताना दोन्ही तळपायांचा एक एक फोटो, तारीख टाकून, अगदी काकांच्या फाइलसारखं. कालच्या फोटोत डाव्या पायाच्या चवड्यावर किंचित पिवळी जाडसर कातडी दिसत होती, करंगळीच्या बुडाशी. मी काकांना मोजे काढायला सांगितले. नवीन घट्टा धरायला लागला होता, खाली अजून काही नव्हतं. पाच मिनिटांत खरवडून सपाट केला, बुटातल्या सोलमध्ये त्या जागी खळगा करायला लिहून दिला आणि पुढच्या महिन्याची तारीख काकूंनी स्वतः वहीत लिहून घेतली.